रूपक ओळखायला शिकवताना ‘म्हणजे’ हा शब्दच आडवा येतो, काय करावे?

प्रश्न : मराठीची शिक्षिका, वडाळा

नमस्कार. मी मुंबईतल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी आणि नववीला मराठी शिकवते. अलंकार दरवर्षी शिकवते आणि ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाला मुले बऱ्यापैकी गुणही मिळवतात, त्यामुळे आपले शिकवणे ठीक चालले आहे असे मला आजवर वाटत होते. गेल्या पंधरवड्यात मात्र लागोपाठ दोन गोष्टी घडल्या आणि त्या मनातून जात नाहीत.

रूपक शिकवताना मी फळ्यावर दोन रकाने आखते. एका बाजूला ‘सारखा, समान, परी, जसा’ हे उपमेचे शब्द आणि दुसऱ्या बाजूला ‘म्हणजे, केवळ, साक्षात, प्रत्यक्ष’ हे रूपकाचे शब्द. या वेळी मी मुलांना घरचा अभ्यास दिला, की मराठी सोडून दुसऱ्या कोणत्याही विषयाच्या पुस्तकातून एक अलंकार शोधून आणा. एका अतिशय मन लावून अभ्यास करणाऱ्या मुलीने भूमितीतले वाक्य आणले : ‘समभुज त्रिकोण म्हणजे ज्याच्या तिन्ही बाजू समान असतात असा त्रिकोण.’ तिने ‘म्हणजे’खाली रेघ ओढून ‘रूपक’ लिहिले होते आणि ‘समान’खाली रेघ ओढून ‘उपमा’. वही माझ्यापुढे धरून ती कौतुकाची वाट पाहत उभी होती. मी सांगितलेला शब्दन्‌शब्द तिने पाळला होता, त्यामुळे हे उत्तर तिच्यापेक्षा माझेच आहे हे मला तिथेच कळून चुकले.

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातली. हार्बर मार्गाने येणारा एक मुलगा उशिरा वर्गात आला. कारण विचारले, तर म्हणाला, ‘बाई, गाडीत आज माणसांचं लोणचं घातलं होतं, आणि दारात आम्ही दादरा.’ बरणीच्या तोंडाला ताणून बांधलेले फडके आणि डब्याच्या दारात ताणून उभी असलेली मुले, हे त्याने एका दमात जोडले होते. वर्ग हसला, मीही हसले आणि त्याला बसायला सांगितले. पाच मिनिटांनी त्यालाच उठवून रूपकाचे एक उदाहरण विचारले, तेव्हा तो मान खाली घालून गप्प उभा राहिला.

खुणेचे शब्द न देता रूपक ओळखायला कसे शिकवावे? उपमेय (ज्याबद्दल बोलायचे ते), उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), साधारण धर्म (दोघांतला सारखा गुण) या संज्ञा आधी द्याव्यात की मागाहून? आणि जो मुलगा बोलताना सहज रूपक करतो, त्याला ते आपण केले आहे हे कसे दाखवावे? परीक्षा आहेच, ती मी टाळू शकत नाही. तरीही केवळ गुणांपुरते शिकवायचे नाही, एवढे मी मनाशी ठरवले आहे.


उत्तर : सेवानिवृत्त शिक्षक, गिरगाव

बाई, आपण त्या मुलीची चूक स्वतःकडे घेतलीत हे वाचून बरे वाटले. मीही वीसेक वर्षे तेच दोन रकाने आखत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खुणेच्या शब्दांनी उपमा बरीचशी सापडते, कारण उपमेत साम्य दाखवणारा शब्द सहसा उघड असतो. रूपकाची गोष्ट उलटी आहे. तिथे तो शब्द गळून पडलेला असतो आणि त्याचे गळून पडणे हेच रूपकाचे लक्षण आहे. जे वाक्यात नाही ते मुलाला दिसावे अशी आपली अपेक्षा असते आणि शोधायला मात्र आपण शब्द देतो. ‘आम्हां घरी धन शब्दांचीच रत्ने, शब्दांचीच शस्त्रे यत्न करू’ या तुकोबांच्या ओळीत ना ‘म्हणजे’ आहे, ना ‘साक्षात’. तरी शब्द हीच रत्ने आणि शब्द हीच शस्त्रे हे कोणाच्याही मनात सरळ उतरते. त्यातही एकाच उपमेयाला दोन उपमाने आहेत. रत्न जपून ठेवायचे, शस्त्र उपसायचे. मग तुकोबांच्या घरचे शब्द नेमके कसे आहेत, असे विचारून पाहा. माझ्या वर्गात या एका प्रश्नावर पूर्ण तास गेला आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार सांगितले आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे अलंकारांची संख्या वाढत गेली, पण रूपक पहिल्या चारांत आहे. दंडी या संस्कृत आचार्याने काव्यादर्श या ग्रंथात त्याची व्याख्या एका ओळीत केली : ‘उपमैव तिरोभूतभेदा रूपकमुच्यते.’ जिच्यातला भेद दिसेनासा झाला आहे, ती उपमाच रूपक होय. मला यातला ‘तिरोभूत’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. भेद नष्ट झालेला नाही, नजरेआड झाला आहे. शिक्षकाने तो पडदा क्षणभर बाजूला करायचा, मुलांना आत डोकावू द्यायचे आणि पुन्हा सोडून द्यायचा.

तो कसा बाजूला करावा, याची माझी रीत सांगतो. वाक्य वाचून मी आधी एवढेच विचारत असे, की हे खरे आहे का? समभुज त्रिकोणाच्या बाजू समान असतात, हे खरे. विषय तिथेच संपला. माणसांचे लोणचे घातले होते, हे खरे आहे का? नाही. मग तो मुलगा खोटे बोलला का? तेही नाही. या दोन ‘नाहीं’च्या मध्ये मूल अडखळते, आणि नेमके तिथेच शिकवणे सुरू होते. जुने आचार्य यालाच मुख्यार्थाचा बाध म्हणतात : शब्दाचा सरळ अर्थ लागत नाही, म्हणून मन दुसऱ्या अर्थाकडे वळते. ही पायरी हाताशी असती, तर आपल्या विद्यार्थिनीची रेघ त्या वाक्याखाली पडलीच नसती.

त्यानंतर मी क्रियापदाकडे नेत असे. ‘चरणकमल’ हा एकच शब्द घ्या. ‘गुरूंच्या चरणकमलांवर मस्तक ठेवले’ असे म्हटले तर मस्तक पायांवर ठेवतात, फुलावर नाही. म्हणजे मनात पाय मुख्य आहेत आणि कमळ केवळ तुलनेला आले आहे. ‘मनाच्या सरोवरात गुरूंचे चरणकमल उमलले’ असे म्हटले, की उमलणे हे कमळाचे काम असल्यामुळे पाय आता खरोखर कमळ झाले. पहिल्या वाक्याचा ओढा उपमेकडे आहे, दुसरे निखळ रूपक आहे. नववीला इतका बारकावा सांगितलाच पाहिजे असे नाही, पण ‘ही क्रिया मुळात कोणाची?’ हा प्रश्न सहावीतल्या मुलालाही कळतो आणि तो फार दूरवर पुरतो.

संज्ञा मागाहूनच द्या. आधी मुलांना सरळ भाषेत बोलू द्या : बोलायचे कशाबद्दल आहे आणि आणले काय आहे? माणसांबद्दल बोलायचे आहे, लोणचे आणले आहे. हे तोंडात बसले, की ‘बोलायचे ते उपमेय, आणलेले ते उपमान’ एवढे फळ्यावर लिहिले तरी पुरते.

एक प्रयोग मात्र जरूर करा. आमची शाळा चौपाटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, म्हणून मी मुलांना मरीन ड्राइव्हचे दिवे दिले. दिव्यांची रांग हारासारखी दिसते, ही उपमा. ती रांग म्हणजे जणू समुद्राने घातलेला हार, ही उत्प्रेक्षा. इथे ‘म्हणजे’ आहे आणि तरीही रूपक नाही, हे मुलांना मुद्दाम दाखवावे. समुद्राच्या गळ्यातला हा दिव्यांचा हार संध्याकाळी उजळतो, हे रूपक. हे दिवे नव्हेतच, हा रत्नहार आहे, ही अपन्हुती. आणि असा प्रकाश रत्नहारालाही यायचा नाही, हा व्यतिरेक. वस्तू त्याच दोन, त्यांच्यातले अंतर तेवढे बदलते. एकेका वाक्याला मी दोन मुलांना उभे करून त्यांच्यातले अंतर कमी-जास्त करायला लावत असे. रूपकाला एक मूल दुसऱ्याच्या मागे पूर्ण झाकले जाई.

याच खेळात एका मुलाने मला विचारले होते, की सर, मी रोज मरीन ड्राइव्हवरून जातो, मला हार कधीच दिसला नाही, नुसते खांब दिसतात. त्याचे म्हणणे बरोबर होते. हार दिसतो तो मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानातून. आम्ही एका संध्याकाळी पालकांची परवानगी घेऊन वर गेलो, दिवे लागेपर्यंत थांबलो, आणि तो मुलगा कठड्याला धरून बराच वेळ काही बोलला नाही. रूपकालाही उभे राहायची एक जागा असते, हे मला त्याच्यामुळे समजले. तेव्हापासून कवितेतले रूपक आले, की मी विचारू लागलो : हे असे दिसायला कवी कुठे उभा असेल?


उत्तर : खासगी शिकवणी घेणारा, मुलुंड

वरचे सगळे मान्य आहे, तरी खुणेचे शब्द अजिबात टाकून देऊ नयेत असे मला वाटते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांना वाचनाचीच सवय नाही आणि त्यांना काहीतरी धरायला लागते. मी त्यांना एवढेच सांगतो, की ‘म्हणजे’ किंवा ‘साक्षात’ दिसले की थांबा आणि शंका घ्या. शंका आली म्हणून उत्तर लिहू नका. त्यानंतर सरांचा ‘हे खरे आहे का?’ हा प्रश्न विचारला, की बहुतेक मुले योग्य ठिकाणी पोहोचतात. शब्द हे दार ठोठावण्यापुरते वापरावेत.


उत्तर : इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणारी, मालाड

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, आणि तेव्हापासून माझ्या वर्गात घरी मराठीचा एकही शब्द नसलेली मुले मोठ्या संख्येने आहेत. सुरुवातीला मला वाटे, की यांना रूपक वगैरे शिकवणे लांबची गोष्ट. झाले उलटेच. ज्या भाषेत आपण जन्मापासून वावरतो, तिच्यातली रूपके आपल्याला दिसत नाहीत. बाहेरून येणाऱ्याला ती लगेच खटकतात.

एकदा वर्गात मी सहज म्हटले, की चला, डबा खाऊ या, पोटात कावळे ओरडायला लागले. अर्धा वर्ग माझ्याकडे पाहतच राहिला. एका मुलाने विचारले, ‘टीचर, कावळे का? आमच्या घरी तर चूहे कूदते हैं.’ शेजारची गुजराती मुलगी म्हणाली, की आमच्याकडे पोटात मांजरे बोलतात, ‘पेटमां बिलाडां बोले छे’. मी खडू ठेवला आणि तीन प्राणी फळ्यावर मुलांनाच काढायला लावले. मग विचारले, की भूक एकच असताना कावळा काय सांगतो, उंदीर काय सांगतो आणि मांजर काय सांगते? मुले म्हणाली, कावळे कर्कश ओरडून मागतात, उंदीर आत धावाधाव करतात, मांजर पायात घोटाळून तक्रार करत राहते. साधारण धर्म ही संज्ञा मी त्या दिवशी उच्चारलीही नाही, पण तिचा अर्थ तीन भाषांत समजावून झाला होता.

१९८० साली जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी असे मांडले, की रूपक हा केवळ कवितेचा दागिना नसून रोजच्या विचाराची ती घडण आहे. मराठीत हे पडताळून पाहायला राग घ्यावा. डोके तापते, पारा चढतो, माणूस भडकतो, मग थंड होतो. इथवर राग म्हणजे उष्णता. पण आपण ‘राग निवळला’ असेही म्हणतो, आणि निवळणे हे मुळात गढूळ पाण्याचे काम. मी मुलांना काचेच्या पेल्यात माती कालवून ते पाणी टेबलावर ठेवायला लावले आणि पुढचा धडा घेतला. तास संपताना वरचे पाणी स्वच्छ होते, खाली गाळ बसला होता. एक मुलगी म्हणाली, ‘पण टीचर, माती गेली नाही, खालीच आहे. हलवलं की परत येणार.’ निवळलेल्या रागाबद्दल याहून नेमके मला सांगता आले नसते.

टेबलाचा पाय, बाटलीचे तोंड, करवतीचे दात, पुस्तकाचे पान, बँकेची शाखा, रस्त्याला फुटणारा फाटा : अशा शब्दांची वही मुले वर्षभर भरतात. बँकेच्या पाटीवरची ‘शाखा’ झाडाची आहे हे कळल्यावर काही मुले बांद्र्यापासून दहिसरपर्यंत पाट्या वाचत सुटली होती.


उत्तर : सेवानिवृत्त शिक्षक, गिरगाव

मालाडच्या बाईंचा कावळा, उंदीर आणि मांजर मी आमच्या जुन्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगणार आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकेच्या दृष्टीने फक्त एक काळजी घ्यावी. ‘पोटात कावळे ओरडणे’ हा वाक्प्रचार आहे आणि ‘बाटलीचे तोंड’ ही भाषेत रुळून गेलेली लक्षणा, म्हणजे सरळ अर्थ सोडून घेतलेला दुसरा अर्थ, आहे. परीक्षेत यांना रूपक अलंकार म्हटले तर गुण जातील. अलंकार म्हणायला काही नवे सौंदर्य, काही चमत्कृती जाणवावी लागते. बी एकच आहे, पण एक रोप आहे आणि दुसरे केव्हाच वठून खांब झाले आहे. मुलांना दोन्ही दाखवावीत, नावे मात्र वेगळी ठेवावीत.


उत्तर : वृत्तपत्रातला उपसंपादक, परळ

मी शिक्षक नाही, पण मराठी वाक्ये दुरुस्त करण्यातच माझा दिवस जातो, म्हणून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. रूपक काय दाखवते हे शिकवताना ते काय झाकते हेही शिकवावे. ‘शहरात लोंढे येत आहेत’ हे वाक्य माझ्यासमोर कितीतरी वेळा येते. लोंढा पाण्याचा असतो. तो गढूळ असतो, वाटेतले सगळे ओढून नेतो, त्याला थोपवायला बांध घालावा लागतो आणि त्यातला एक थेंब दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. माणसांना लोंढा म्हटले, की हे सगळे न बोलता त्यांच्यावर चढते. वाक्यात खोटे असे एकही विधान नसते, त्यामुळे कोणी हरकतही घेत नाही.

लोकलच्या गर्दीला मुले लोंढा म्हणतील, तेव्हा त्यात गैर काही नाही. आपण सगळेच रोज त्यात असतो. पण ‘ते’ लोंढा आणि ‘आपण’ माणसे, अशी वाटणी झाली, की थांबून विचारायला हवे. आपल्या वर्गात कुठून कुठून आलेल्या घरांतली मुले बसलेली असतात, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यांनी वर्तमानपत्र हातात घेऊन ‘हे आमच्याबद्दल बोलायचे असताना पाणी का आणले?’ असा प्रश्न विचारला, तर मला माझे काम अधिक नीट करता येईल.


पुन्हा : मराठीची शिक्षिका, वडाळा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. या आठवड्यात दोन तास मी यावरच घेतले. काय झाले ते कळवते.

पहिल्या तासाला घरून लोणच्याची रिकामी बरणी आणि फडक्याचा तुकडा घेऊन गेले. उशिरा आलेल्या त्या मुलालाच पुढे बोलावले आणि त्याचे वाक्य त्याच्याच अक्षरात फळ्यावर लिहून घेतले. आपले बोलणे फळ्यावर जाते आहे याचे त्याला नवल वाटत होते. सरांच्या सांगण्याप्रमाणे मी विचारले, की हे खरे आहे का. वर्ग एकदम ‘नाही’ म्हणाला. खोटे आहे का, यावर मात्र कुजबुज सुरू झाली. मग बोलायचे कशाबद्दल आणि आणले काय, हे त्यांनी स्वतः मांडले : माणसे आणि कैरीच्या फोडी, डबा आणि बरणी, दारातली मुले आणि दादरा. फडके बरणीवर ताणून बांधताना एक मुलगा म्हणाला, की दादरा आत हवा जाऊ देतो पण धूळ जाऊ देत नाही, आणि दारात उभे राहणारे पुढच्या स्टेशनावर कोणाला आत येऊच देत नाहीत. हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

उपसंपादकांचे म्हणणे मनात होते, म्हणून मी विचारले, की लोणचे म्हटल्याने काय राहून गेले? एक मुलगी म्हणाली, लोणचे मुरते, माणसे काही मुरत नाहीत. त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मुरतात की! माझे बाबा रोज आठ-बाराच्या गाडीने जातात, त्यांना सगळे मुरलेला पॅसेंजर म्हणतात.’ क्षणभर शांतता झाली आणि मग एकाच वेळी पाच-सहा जणांच्या लक्षात आले, की ‘मुरलेला’ हा शब्दही मुळात बरणीतूनच आला आहे. उपमेय आणि उपमान हे शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिले, आणि ते लिहिताना पहिल्यांदाच मला कोणी ‘पुन्हा सांगा’ म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी भूमितीचे वाक्य आणणारी ती मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिने वही उघडली, तर तिचे जुने उत्तर खोडलेले होते. ‘म्हणजे’खालची रेघ नाही, ‘समान’खालची नाही. नवी रेघ होती ती ‘समभुज’ या शब्दातल्या ‘भुज’खाली. ती म्हणाली, ‘बाई, चतुर्भुज आपण गणपतीला म्हणतो. भुज म्हणजे हात. त्रिकोणाला हात कुठे असतात?’ मग पान उलटून तिने पुढची यादी दाखवली. भूमितीच्या पुस्तकात तिला ‘शिरोबिंदू’ सापडला होता, ‘पाया’ सापडला होता, आणि ‘कर्ण’ या शब्दापुढे तिने प्रश्नचिन्ह काढून लिहिले होते : ‘कान? गणिताच्या सरांना विचारणे.’